चंद्रप्रभाकाकूंचा होकार

मी आवाज टिपणारा एक जुना रेकॉर्डर आहे. कसा दिसतो ते मात्र मला विचारू नका, मित्रांनो, कारण मला डोळे नाहीत. लोक म्हणतात, मी तळहातावर मावतो, माझ्या अंगावर एक लाल बटण आहे आणि कोपऱ्यांचा रंग उडाला आहे. असेल. मला कान आहेत आणि त्यांचा मला अजूनही थोडा गर्व आहे. शेजारच्या खोलीत कोणी सुस्कारा टाकला तरी मला तो ऐकू येतो.

माझी एक रीत आधीच सांगून ठेवतो. लाल बटण दाबलं की मी ऐकलेलं साठवतो आणि हवं तेव्हा परत ऐकवतो. बटण दाबलेलं नसलं तरी मला ऐकू येतंच, फक्त ते पुन्हा कोणाला ऐकवता येत नाही. तुमचंही तसंच असतं की. वर्गात बाई सांगतात ते सगळं तुम्ही ऐकता, पण परीक्षेत त्यातलं किती बाहेर येतं, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका मुलीने माझ्या कानाशी चुटकी वाजवली. मी ती साठवली आणि तिला परत ऐकवली. ती खुदकन हसली आणि तिने मला खोक्यात बंद केलं. मग बरेच दिवस जहाजाची घरघर, त्यानंतर ट्रकची, त्यानंतर कुठल्याशा गोदामातल्या पंख्याची. शेवटी खोकं उघडलं, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, एवढासाच आहे की हा." लखनौत माझ्या कानी पडलेलं पहिलं वाक्य असं मराठी निघालं.

त्या होत्या डॉक्टर विनया कुलथे. मूळच्या सांगलीच्या, पण नोकरीमुळे लखनौकर झालेल्या. जानकीपुरमच्या पलीकडच्या टोकाला एक लहानशी संशोधन संस्था आहे, तिथे त्या माणसांच्या बोलण्याचा अभ्यास करत. एक आजार असा आहे की त्यात अंगातले स्नायू हळूहळू दुबळे होत जातात. कोणाचे आधी हात जातात, कोणाची आधी जीभ जड होते. नुसत्या आवाजावरून हा आजार लवकर ओळखता यावा, यासाठी विनयाताई अशा रुग्णांचे आवाज गोळा करत होत्या. फोनवर आवाज टिपला तर तो इंटरनेटवरून कुठे कुठे जाईल याचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी मला निवडलं. मला ना इंटरनेट, ना ओळखपाळख. ऐकायचं, संस्थेच्या संगणकात उतरवायचं आणि माझ्या पोटातलं पुसून टाकायचं, एवढंच माझं काम.

विनयाताईंनी माझ्यासाठी अमीनाबादच्या बाजारात जाऊन कापडी बटवा आणला. दुकानदाराने विचारलं, "इसमें क्या रखेंगी मैडम, इत्र?"

"लोगों की आवाज़," ताई म्हणाल्या.

दुकानदार म्हणाला, "तब तो डोरी ज़रा कस के बाँधिएगा." ताईंनी ते फार मनावर घेतलं.

कामाचे ते दिवस माझे सुखाचे होते. आम्ही घराघरांत जायचो. रुग्णाने आधी लांबलचक 'आ' म्हणायचा, मग आकडे मोजायचे, मग एक उतारा वाचायचा आणि शेवटी मनाला येईल ते बोलायचं. त्या शेवटच्या बोलण्यात काय काय ऐकलं म्हणून सांगू! कोणी पतंगांच्या गोष्टी सांगे, कोणी सुनेच्या तक्रारी. मी सगळ्यांचं सारख्याच आदराने ऐकून घेत असे.

असेच एकदा आम्ही एका म्हाताऱ्या कापड व्यापाऱ्याच्या घरी गेलो होतो. ताईंनी त्यांना विचारलं, आवाज द्यायला तयार आहात का? उत्तर मुलाने दिलं, "हाँ हाँ, बाबूजी राज़ी हैं, आप शुरू कीजिए." बाबूजी गप्प होते. ताईंनी त्या गप्प बसण्याला होकार समजून काम सुरू केलं. मध्येच मुलगा आणि ताई दोघंही बाहेर गेले, मी मात्र उशीजवळ चालूच राहिलो. तेव्हा बाबूजी अगदी हळू, जड जिभेने म्हणाले, "हमसे तो किसी ने पूछा ही नहीं."

संस्थेत परतल्यावर ताईंनी ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. त्या दिवशी त्या डबा न खाताच बसून राहिल्या. बाबूजींचं सगळं बोलणं त्यांनी पुसून टाकलं, तसं त्यांना जाऊन सांगितलं आणि एक नियम लिहिला. आवाज देणाऱ्याने होकार स्वतःच्या तोंडाने द्यायचा. घरच्यांचा होकार चालणार नाही आणि डॉक्टरांचाही नाही. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे. दर वर्षी पुन्हा विचारायचं, आणि होकार ऐकू आला नाही तर त्या माणसाचा आवाज सगळीकडून पुसायचा, लपवून एकही प्रत ठेवायची नाही.

संस्थेत एक नीतिसमिती होती. संशोधनात कोणावर अन्याय होत नाही ना, हे बघणं तिचं काम. तिचे अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते. ते म्हणाले, "डॉक्टर साहिबा, ऐसा क़ायदा हमने कहीं नहीं देखा." इतर शहरांतल्या संस्थांनीही तो नियम मागवून घेतला. मलाही वाटलं, आपण भल्या माणसाच्या हाती पडलो आहोत. ते खोटं नव्हतं. विनयाताई भल्याच होत्या आणि नियमही चांगलाच होता. म्हणून तर पुढचं सांगताना माझा आवाज फाटतो.

इंदिरानगरात हणमंत साळवी आणि चंद्रप्रभाकाकू राहत. काका हवाई दलात विमानांची देखभाल करायचे. सातारा जिल्ह्यातून निघून गावोगाव बदल्या झाल्या आणि निवृत्तीनंतर ते इथेच घर करून राहिले. त्यांचा मुलगा प्रणव लखनौतच वाढला. त्याला मराठी सगळी कळे, पण उत्तर हिंदीत येई. काकूंच्या बोलण्यात अडखळणं सुरू झालं होतं आणि तपासण्यांत तोच आजार निघाला होता.

पहिल्यांदा गेलो तेव्हा काकू मटार सोलत होत्या. स्टीलच्या पातेल्यात दाणे टपटप पडत होते. ताई म्हणाल्या, "काकू, आधी तुमची मर्जी सांगायची. तुम्ही स्वतः."

"हो, माझी मर्जी आहे," काकू म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "आजवर कोणी विचारलंच नव्हतं गं, मर्जी आहे का म्हणून. लग्नात पण नाही."

पलीकडे काका खाकरले. काकू हसल्या. मला तो आवाज तिथेच आवडला. भरदार होता, थोडासा खरखरीत, आणि वाक्याच्या शेवटी उगाच वर जाणारा. त्या आवाजावर ते घर चालत होतं. "प्रणव, गीझर बंद केलास का रे?" "भैया, रुको, मेथी दिखाओ ज़रा." "अहो, ऐकलंत का, चहा झालाय." काकांना त्या कधी नावाने हाक मारत नसत. त्यांचं 'अहो' इतक्या तऱ्हांचं असे की तेवढ्यावरून काका ओळखत, चहा तयार आहे, पाहुणे आले आहेत, की आपलं काही चुकलं आहे.

ताईंना मराठी बोलायला माणूस मिळालं, काकूंना ऐकायला माणूस मिळालं. कामापेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या. लखनौत नव्याने आल्यावर काकूंनी भाजीवाल्याकडून हिंदी कशी शिकून घेतली, निमोन्यात, म्हणजे इथल्या वाटलेल्या मटारच्या रश्शात, गोडा मसाला घातल्यावर शेजारीण कशी चाट पडली, काका अजून सकाळी उठून बूट कसे चमकवतात आणि मग जातात कुठे तर दूध आणायला, हे सगळं मी साठवलं. "ह्यांच्या बुटांत तोंड बघून मी टिकली लावते," असं त्या म्हणाल्या, तेव्हा काकाही हसले होते.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा पातेल्यात मटार पडत नव्हते. काकूंचे हातही जायला लागले होते. बोलणं सावकाश झालं होतं, शब्द एकमेकांना चिकटत होते. तरी त्या म्हणाल्या, "हो... माझी... मर्जी." ताईंनी पुढचं सगळं टिपलं. संशोधन खरं तर त्या वर्षीच संपायचं होतं, पण त्याची मुदत वाढली.

त्याच सुमारास संस्थेत सुजय नावाचा इंजिनियर आला. तो एक यंत्र बनवत होता. पडद्यावरच्या अक्षरांकडे रुग्णाने नुसती नजर लावायची, यंत्र ती अक्षरं जुळवायचं आणि वाक्य मोठ्याने म्हणायचं. त्यात गंमत अशी की माणसाचं जुनं बोलणं भरपूर साठवलेलं असेल, तर यंत्राला त्याच माणसाचा आवाज देता येत होता. काकूंचं बोलणं तर आमच्याकडे चिक्कार होतं. समितीने चाचणीपुरती एका वाक्याची परवानगी दिली.

तोवर काकूंचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. नुसता 'आ' तेवढा निघे, तोही धाप लागून. सुजयने यंत्र त्यांच्या पलंगाशी मांडलं. काका आत स्वयंपाकघरात होते, त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. काकूंनी नजरेने अक्षरं वेचली. टिक, टिक, टिक. आणि यंत्र म्हणालं, "अहो, चहा घेतलात का?"

तोच भरदार, खरखरीत आवाज, शेवटी तसाच वर गेलेला.

आतून काका म्हणाले, "आलो गं, आलो."

मग भांडं खाली पडलं. काका दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. काकूंचा श्वास हसताना होतो तसा भराभर होत होता. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका आनंद ऐकलेला नाही.

आता इथे ताईंनी गप्प बसायला हवं होतं, असं सुजय पुढे अनेकदा म्हणाला. पण ताईंचा स्वभाव तसा नव्हता. काकूंनी आवाज दिला होता तो आजार ओळखण्यासाठी, बोलणारं यंत्र बनवण्यासाठी नव्हे. कामाचा हेतू बदलला तर मर्जीही नव्याने विचारायला हवी. शिवाय वर्षाचा होकार घ्यायची तारीखही आली होती. म्हणून त्या रीतसर पुन्हा इंदिरानगरला गेल्या, लाल बटण दाबलं आणि त्यांनी विचारलं, "काकू, तुमचा आवाज आम्ही ठेवू का? त्यातून तुमच्यासाठी यंत्राचा आवाज बनवू का? तुमची मर्जी आहे का?"

यंत्र चाचणीनंतर संस्थेत परत गेलं होतं, आणि तसंही यंत्राने म्हटलेलं 'हो' नियमातल्या 'स्वतःच्या तोंडाने' मध्ये बसत नव्हतं. मी कान टवकारून होतो. बांगड्या किणकिणल्या. पलंग करकरला. काकूंनी खूप मोठा श्वास घेतला आणि त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला, "आ..." तो कापत कापत लांबला आणि तुटला. मग पुन्हा एकदा, "आ..." पुढे नुसता श्वास.

"मॅडम, ती हो म्हणतेय," काका म्हणाले.

"काका, तुम्ही नका बोलू," ताई घाईने म्हणाल्या. "तुमचं बोलणं त्यात आलं तर चालणार नाही."

नियम लिहिताना ही गोष्ट ताईंच्या ध्यानातच आली नव्हती. ज्यांचं बोलणं जाणार हे ठरलेलं होतं, त्यांनाच त्या दर वर्षी तोंडाने हो म्हणायला लावत होत्या. संशोधन थोडक्या मुदतीचं असताना ते चालून गेलं. मुदत वाढवताना मात्र नियमाकडे पुन्हा बघायचं सगळ्यांकडूनच राहून गेलं.

समितीची बैठक भरली. मला मेजाच्या मधोमध ठेवलं आणि बटण दाबलं. मी ते दोन 'आ' ऐकवले. बांगड्या ऐकवल्या. काकांचं वाक्य ऐकवलं आणि ताईंचं त्यांना अडवणंही. माझ्याजवळ होतं ते सगळं मी दिलं.

"इसमें 'हाँ' कहाँ है?" एका सभासदाने विचारलं.

"त्यांनी मान हलवली होती," ताई म्हणाल्या. मग भानावर येऊन हिंदीत म्हणाल्या, "उन्होंने सिर हिलाया था. आँखों से आँसू आ रहे थे. मैंने ख़ुद देखा है."

"वह तो आप कह रही हैं. और काम भी आप ही का है."

बोलणारा दुष्ट नव्हता. ज्याला होकार हवा आहे, त्यानेच होकार मिळाला म्हणून सांगितलं तर कसं मानायचं? हे ताईंनीच तर लिहून ठेवलं होतं. त्यांनी मुदत मागितली. निदान पुढच्या बैठकीपर्यंत थांबा, नियमात सुधारणा करू, खुणेचा होकार मान्य करू, मग पुन्हा विचारू.

अध्यक्ष अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "सुधार हम ज़रूर करेंगे. लेकिन डॉक्टर साहिबा, तारीख़ पर मिटाने का वादा आपने हर मरीज़ से किया है. आज एक के लिए रुक गए, क्योंकि वह हमें अज़ीज़ हैं, तो कल जिसे मिटवाना होगा, वह हम पर एतबार कैसे करेगा?"

त्यांचं म्हणणं खोडून काढता येईना, हीच तर रडण्याची गोष्ट होती. सगळेजण बरोबर होते, आणि मला ठाऊक होतं की माझ्या पोटातला तो आवाज 'हो' म्हणत होता. मी जन्मात इतका उघड होकार ऐकला नव्हता. पण मी काय करणार? मी ऐकलेलं परत म्हणू शकतो, त्याचा अर्थ सांगू शकत नाही.

ठरलेल्या दिवशी दुपारी ताई संगणकासमोर बसल्या. सुजय खुर्ची ओढून जवळ आला. "मैडम, एक कॉपी इसी रेकॉर्डर में डाल देते हैं. बटुए में पड़ा रहेगा. किसको पता चलेगा?"

मी मनातल्या मनात म्हणालो, टाक रे बाबा, टाक. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

"मला कळेल ना," ताई म्हणाल्या. "बाबूजींना मी काय सांगून आले होते? आणि त्यांच्यानंतर जे जे आले त्यांना?"

दाराशी प्रणव उभा होता. तो कधी आला ते मलाही कळलं नव्हतं. तो म्हणाला, "मैडम, आवाज़ आई की है. ना आपकी है, ना कमेटी की. आप कौन होती हैं मिटाने वाली?"

उत्तर दिलं ते काकांनी, त्याच्या मागून. "प्रणव, बस. मी तपासणीची सही झाल्याशिवाय एकही विमान सोडलं नाही कधी. कितीही मोठा साहेब आला तरी. त्या तेच करतायत."

बटण दाबल्याचा आवाज फार बारीक असतो. सुजयने यंत्रासाठी बनवलेला आवाजही गेला, कारण तो त्याच बोलण्यातून बनवलेला होता. मटारचे दाणे गेले, निमोना गेला, बुटांत बघून लावलेली टिकली गेली. मला ते सगळं आजही आठवतं, अगदी काकूंच्या हसण्यातल्या धापेसकट. पण ते मला कोणाला ऐकवता येत नाही. याहून मोठं दुःख रेकॉर्डरला काय असणार?

यंत्र मात्र काकूंना मिळालं. त्यात तयार मिळणारा एक बाईचा आवाज भरला होता. छान होता, गोड होता, बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ. 'सकाळ'ला तो 'सकाल' म्हणे. काकूंनी टिक टिक करत पहिलं वाक्य जुळवलं. "अहो, चहा घेतलात का?"

या वेळी काकांनी 'आलो' म्हटलं नाही. त्यांची खुर्ची मागे सरकली. ते बाहेर गॅलरीत गेले आणि ताई त्यांच्या मागोमाग गेल्या. मी त्यांच्या पर्समध्येच होतो. काका म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. परक्या बाईनं मला अहो म्हटल्यासारखं वाटतं. मला... मला ते बरं नाही वाटत." आणि एवढा शिस्तीचा माणूस, गॅलरीच्या कठड्याला धरून रडला.

काकूंनी ते ऐकलं असणार. त्यानंतर त्या यंत्रावर सगळ्यांशी बोलल्या. भाजीवाल्याशी, शेजारणीशी, प्रणवशी. काकांशी मात्र त्या यंत्रातून पुन्हा कधी बोलल्या नाहीत. काकांसाठी त्या मनगट जेमतेम हलवून बांगडी पलंगाच्या कडेवर वाजवत. काका येत. मनगट हलणंही थांबलं, तेव्हा काका तिथेच खुर्ची टाकून बसायला लागले.

पुढच्या बैठकीत नियम सुधारला. मान हलवली, पापणी मिटली, बोट उचललं, तरी तो होकार मानायचा आणि साक्षीला बाहेरचा माणूस ठेवायचा. ताई हे सांगायला काकूंकडे गेल्या. सांगताना त्यांचा स्वर अपराध्यासारखा झाला होता. काकू बराच वेळ अक्षरं जुळवत होत्या. टिक, टिक, टिक.

"नियम चांगला केलास," तो परका गोड आवाज म्हणाला.

पुन्हा टिक, टिक, टिक. या वेळी फार वेळ लागला.

"मी हो म्हटलं होतं. तुला कळलं होतं."

"हो काकू," ताई म्हणाल्या. "कळलं होतं मला."

ताई काकूंच्या पायांशी बसून राहिल्या. त्या दिवशी चहा काकांनी केला आणि तो तसाच राहिला. थंडी ओसरायच्या सुमारास काकू गेल्या.

त्यानंतर काका एकदा संस्थेत आले. बूट करकरत होते. ताईंना म्हणाले, "मॅडम, काहीच राहिलं नाही का? एखादा शब्द तरी?"

राहिलं होतं, मित्रांनो. एखाद्याचा आवाज का पुसला, याचा पुरावा ठेवावा लागतो. म्हणून होकार विचारतानाचं ते शेवटचं रेकॉर्डिंग तेवढं माझ्या पोटात जपून ठेवलं होतं. ज्यामुळे बाकी सगळं गेलं, तेवढंच उरलं. ताईंनी समितीकडे परवानगी मागितली. परवानगी मिळाली ती अशी, की ऐकता येईल, पण घरी नेता येणार नाही. अध्यक्ष स्वतः येऊन बसले.

मी मेजावर होतो. बटण दाबलं. ताईंचा प्रश्न गेला, बांगड्या किणकिणल्या, मोठा श्वास आला आणि मग, "आ..." आणि पुन्हा, "आ..."

काका ऐकत राहिले. मग ताईंना नाही, अध्यक्षांना नाही, कोणालाच न विचारल्यासारखं म्हणाले, "आणि हे कोणाला कळलं नाही? स्पष्ट तर बोलतेय."

अध्यक्षांचा आवाज आला. तो पूर्वीसारखा मऊ नव्हता, घोगरा झाला होता. "एक बार और सुनाइए," ते म्हणाले. मी पुन्हा ऐकवलं.

आता माझं काम संपलं आहे. आवाज टिपायला नवी यंत्रं आली आहेत आणि विनयाताई मला बरोबर नेत नाहीत. मी समितीच्या कपाटात असतो. बटव्याची दोरी कोणीतरी घट्ट बांधलेली आहे. क्वचित कपाट उघडतं, कोणीतरी दुसरंच काही काढून घेतं आणि दार लागतं. माझी तक्रार नाही. म्हाताऱ्यांना एवढी विश्रांती चालते.

पण तुम्ही मोठे व्हाल, मित्रांनो. तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी यंत्रं बनवेल, कोणी नियम लिहील. कोणाची मर्जी विचारल्याशिवाय त्याचं काही घेऊ नका, विनयाताईंनी हे मला शिकवलं आणि ते मी विसरणार नाही. पण विचाराल तेव्हा तो माणूस कसं उत्तर देऊ शकतो, ते आधी नीट बघा, आणि तसं दिलेलं उत्तर घ्यायला शिका. नियम लिहून झाला म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. ज्याच्या भल्यासाठी तो केला, त्याच्याजवळ जाऊन अधूनमधून बसा.

आणि एक मागणं माझ्यासाठी. माझ्याजवळ आता एकच आवाज उरला आहे. समितीच्या नोंदीत त्याच्यापुढे 'उत्तर मिळाले नाही' असं लिहिलेलं आहे, असं मी ऐकतो. तेव्हाच्या नियमाने झालेली नोंद बदलत नाहीत म्हणे, म्हणून तिथे ना काका काही करू शकले, ना ताई. तुमच्यापैकी कोणी कधी या कपाटापर्यंत आलात, तर मला बाहेर काढा, एकदा शांतपणे ऐका आणि तेवढं दुरुस्त करा.